घाम थांबला त्या दिवशी

१२ मे, संध्याकाळ

बारके,

अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकशील, म्हणून महत्त्वाचं पहिल्याच ओळीत लिहितो. तुझा नवरा माझ्याकडे आहे. सुखरूप आहे.

गोदामात नोकरी लागली असं त्यांनी तुला सांगितलं आहे. ते खरं नाही. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी बरीच दारं ठोठावली आणि गेल्या शुक्रवारी आमच्या काच कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. "दादा, काम असेल तर द्या. पण हिला कळवू नका." सहा वर्षांत आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. मी मुकादम आहे, माणूस घेणं माझ्या हातात आहे. घेतलं. माझ्याच खोलीत राहतात. त्यांना मी पाहुणे म्हणतो. दुसरं काय म्हणावं ते अजून जिभेवर येत नाही. कळवू नका म्हणाले तरी कळवतो आहे, कारण लपवून ठेवायची मला भीती वाटते.

भीती उन्हाची आहे. अठ्ठावीस वर्षं भट्टीपुढे काढली, पण यंदासारखं ऊन पाहिलं नाही. पत्र्याखाली सकाळी नऊलाच श्वास गरम लागतो. रात्रीही भिंती निवत नाहीत, त्यामुळे माणूस कालचा थकवा घेऊनच कामावर येतो. भट्टी बंद ठेवता येत नाही; आतली काच गोठली तर भट्टीच फुटते. परवा पॅकिंगमधला एक जण उभ्या उभ्या कोसळला. सावलीत निजवला, कपडे सैल केले, पाणी शिंपडलं, तासाभराने उठून बसला. पण त्याची नजर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी रोज सकाळी देवापुढे हात जोडतो तेव्हा काही मागत नाही, तुला माहीत आहे. हल्ली मागतो. आज कुणी पडू नये, एवढंच.

आमच्याकडे नव्या माणसाला पहिला आठवडा अर्धीच पाळी द्यायची रीत आहे, तीही भट्टीच्या तोंडापासून लांब. अंगाला ताप सोसायची सवय हळूहळू लागते. तेव्हा तू काळजी करू नकोस.

बाटल्यांची गाडी रोज पहाटे तुमच्या गावी जाते आणि तुझ्या दवाखान्यासमोरच्या दुकानात माल उतरवते. गाडीवाल्या मामांच्या हाती हे देतो आहे. फोनच केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. तक्रार नाही, कारण सांगितलं.

दादा


१५ मे, संध्याकाळ

बारके,

मला उत्तर आलं नाही, पण पाहुण्यांना तुझा फोन आला आणि त्यांनी अर्धा तास बोलणी खाल्ली, हे कळलं. नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, तुमच्या पोटात काही राहत नाही. मुकादम कसे झालात?" तुझा आवाज भिंतीपलीकडे येत होता. शब्द कळत नव्हते, पण मी हातातलं काम थांबवून ऐकत बसलो होतो.

आज एक चांगली बातमी आहे. पाहुणे भट्टीचे झाले.

म्हणजे काय ते सांगतो. नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याच्या अंगातून घामाच्या धारा लागतात. सदरा पिळून घ्यावा लागतो. मग एके दिवशी घाम थांबतो, कातडी कोरडी पडते. आमच्यातले जुने म्हणतात की त्या दिवशी अंगाने भट्टी मानली. मग सगळे हातातलं काम ठेवून टाळ्या वाजवतात आणि लोखंडी फुंकण्या जमिनीवर आपटतात. माझ्यासाठीही वाजवल्या होत्या. आज पाळी संपायच्या सुमाराला आमच्यातल्या मिशीवाल्याने पाहुण्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ओरडला, "अरे, जावईबापू कोरडे झाले!" सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पाहुण्यांची सगळ्यांशी गट्टी जमली आहे. पहिल्या दिवशी मिशीवाल्याने विचारलं, "पाहुणे, लग्नात तरी एवढा घाम आला होता का?" तर हे म्हणतात, "लग्नात दादा समोर नव्हते हो." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं. बरोबर जागी लागलं.

बारीकसारीक कुरबुरी आहेत, त्या तुला सांगून ठेवतो. दुपारी पोटऱ्यांत गोळे आले होते. डोकं ठणकतं म्हणतात. जेवण गेलं नाही, मळमळतं म्हणाले. पाणी कमी पितात असं मला वाटतं. मोरी अंगणाच्या पार पलीकडे आहे, आणि मुकादमाचा पाहुणा सारखा उठतो असं कुणी म्हणू नये म्हणून ते घोट घेऊनच थांबतात. आज दिवसभरात एकदाच गेले. आता संध्याकाळी मला दोनदा 'मास्तर' म्हणाले. छापखान्यातल्या त्यांच्या साहेबांना म्हणे ते मास्तर म्हणत. मी म्हटलं, "अहो, मी दादा." तर माझ्याकडे बघून बराच वेळ हसत राहिले. थट्टेखोर आहेत.

तरी पत्र बंद करताना हुरहूर वाटते आहे. आता ते भिंतीला टेकून बसले आहेत, सदऱ्याची बटणं खालीवर लागली आहेत आणि त्यांना ते कळलेलं नाही. उद्या सकाळी बरं वाटेल. झोप झाली की बरं वाटतं.

दादा


१६ मे, दुपारी साडेचार
रुग्णालय, बाहेरचा बाक

बारके,

तू आत आहेस, मी बाहेर. मधे एक दार आणि वीस पावलं आहेत. तू आलीस तेव्हा मी उठून उभा राहिलो. तू माझ्याकडे न बघता आत गेलीस, ते योग्यच केलंस. म्हणून लिहितो आहे. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "द्या, नेऊन देते. एकाच घरातली माणसं आणि टपाल माझ्या हातून!"

काय झालं ते तुला तुकड्या-तुकड्यांनी कळलं असेल. मी पाहिलं तसं सांगतो.

तुझा फोन मी घेतला तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. निरोप मला उशिरा मिळाला. पाळीवर आमचे सगळ्यांचे फोन कचेरीतल्या पेटीत असतात, म्हणून तुला कारकुनाच्या फोनवर करावा लागला. तू म्हणालीस, "दादा, आधी त्यांना बाहेर काढ, मग माझ्याशी बोल. घाम थांबणं चांगलं नसतं रे." मी धावलो. कारकून फोन हातात धरून माझ्यामागे धावला.

पाहुणे भट्टीच्या तोंडापासून निववणीच्या भट्टीकडे, जिथे तयार बाटल्या हळूहळू थंड करतात तिकडे, येरझारा घालत होते. हातात लांब चिमटा होता आणि चिमट्यात बाटली नव्हती. रिकामा चिमटा नेऊन रिकामा ठेवत होते, पुन्हा येत होते. चेहरा लाल, ओठ पांढरे. मी दंड धरला तर तव्याला हात लागल्यासारखं झालं. कोरडं. मला म्हणाले, "मास्तर, शाई संपली." आणि खाली गेले. हातपाय झटके देऊ लागले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढचं सगळं तुझ्या आवाजाने केलं, आम्ही फक्त हात होतो. मिशीवाल्याने तांब्या तोंडाला लावला तर तू फोनमधून ओरडलीस, "शुद्धीत नाहीत, तोंडात पाणी घालू नका, छातीत जाईल!" कुणी तापाची गोळी आणली. तू म्हणालीस, "हा गोळीने उतरणारा ताप नाही. कपडे काढा आणि पाण्यात घाला." शेडमागच्या पिण्याच्या पाण्याच्या हौदात आम्ही चौघांनी त्यांना गळ्यापर्यंत उतरवलं. मी मागून काखेत हात घालून डोकं वर धरलं. पाण्याच्या पेटीतला सगळा बर्फ हौदात ओतला. पॅकिंगचे पुठ्ठे घेऊन चार जण वारा घालत होते. तू सारखं विचारत होतीस, "बोलतायत का? काही बोलतायत का?" आणि मी त्यांच्या ओठांशी कान नेऊन बघत होतो. रुग्णवाहिका आली तोवर झटके थांबले होते.

इथे ताप मोजला तेव्हाही एकशे पाच होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घाम कधीपासून थांबला? मी कालचं सांगितलं, टाळ्यांचंही सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "ज्या गोष्टीला घाबरून माणसाला बाहेर काढायचं, तिला तुम्ही टाळ्या वाजवल्यात?" म्हणाल्या, अंगाला सवय लागली की घाम उलट लवकर आणि जास्त येतो. शिवाय दिवसभर राबणाऱ्याला घाम येत असतानाही हा झटका येऊ शकतो. म्हणून घामाच्या आधी बोलण्याकडे बघावं. माणूस भलतंच बोलू लागला, वेड्यासारखा वागू लागला, की वाट बघायची नाही.

भलतंच बोलणं मी काल तुला थट्टा म्हणून लिहिलं.

मूत्रपिंडं कशी वागतात ते दोन दिवसांत कळेल म्हणतात. दारावर काच आहे, पण मी आत बघत नाही. मला भीती वाटते.

दादा


१७ मे, सकाळी अकरा

बारके,

हे पत्र कालच लिहायला हवं होतं. काल धीर झाला नाही.

मावशींनी सकाळी सांगितलं की तू रात्रभर एकच बोलत होतीस. माझं पत्र काल सकाळी नऊ वाजता हातात आलं, अक्षर बघून तू ते औषधांच्या कपाटावर ठेवून दिलंस आणि दहाला उघडलंस. तो एक तास गेला म्हणून हे झालं, असं तू स्वतःला लावून घेतलं आहेस. थोड्या वेळाने आमचा कारकून आला. त्याने निरोप वेळेवर दिला नाही म्हणून मालकांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हटलं आहे. तो माझ्यासमोर उभा राहिला, कागदी पेल्यात चहा आणला होता तो माझ्या हातात दिला आणि खाली बघत राहिला. त्याला सगळं माहीत आहे.

कारकुनाने निरोप वेळेवर दिला होता. ठीक दहाला दिला होता.

तो शेडच्या दारात आला आणि ओरडला, "मुकादम, तुमच्या बहिणीचा फोन! तातडीचं म्हणतात." सहा वर्षं मी या फोनची वाट बघितली. हातातली फुंकणी टाकून दोन पावलं गेलोसुद्धा. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "त्यांच्या मिस्टरांना बाहेर सावलीत बसवा म्हणतात, लगेच."

म्हणजे फोन माझ्यासाठी नव्हता.

मी पाहुण्यांकडे बघितलं. उभे होते, चालत होते. मी कारकुनाला म्हटलं, "ठणठणीत आहेत म्हणावं. मी कामात आहे, नंतर करतो." तो गेला. दहा मिनिटांनी परत आला. "रडतायत हो मुकादम, घ्या ना." मी म्हटलं, "एवढी घाई असेल तर थांबेल." हे शब्द माझे आहेत. सहा वर्षं मी थांबलो, घटकाभर तूही थांब, असं मनात आलं. रागही नव्हता, बारके. राग असता तर बरं झालं असतं. मला बरं वाटत होतं. तू पलीकडे ताटकळत आहेस या विचाराने मला आतून गार वाटत होतं, आणि माझ्यापासून दहा हातांवर तुझा नवरा भाजत होता.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी गेलो. चाळीस मिनिटं झाली होती.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही दोघं लग्न करून नमस्काराला दारात आलात, तेव्हाही मी असंच केलं होतं. देवापुढे बसून होतो. पूजा केव्हाच झाली होती. डोळे मिटून नुसता बसून राहिलो, तुम्ही जाण्याची वाट बघत. देवाच्या आड लपलो. आता कामाच्या आड लपलो. देव काही बोलला नाही, तेव्हाही आणि कालही. त्याने बोलावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

अजून एक. अर्धी पाळी आणि लांबची जागा, ही रीत मी तुला लिहिली. ती मी पाळली असं लिहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीच मी त्यांना पूर्ण पाळीवर भट्टीच्या तोंडाशी घातलं. मुकादमाने आपल्या माणसाला सावली दिली असं कुणी म्हणू नये म्हणून. ते कामाला लागले. "दादा सांगतील तसं," म्हणाले.

मालकांना मी आत्ताच जाऊन सगळं सांगून आलो. कारकून कामावर राहील. माझं काय ते त्यांनी ठरवावं. इतरांनाही सांगितलं की टाळ्या बंद, नव्या माणसाची अर्धी पाळी कुणाचाही पाहुणा असला तरी मोडायची नाही, दर वीस मिनिटांनी तहान असो नसो पाणी, आणि दोघादोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, बोलणं बदललं की बाहेर. मिशीवाला म्हणाला, "मुकादम, हे आठ दिवसांपूर्वी सांगायचं होतंत." तो माझ्याशी कधी असा बोलत नाही.

तेव्हा तुझा तो तास मनातून काढून टाक. त्या तासात तुला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या चाळीस मिनिटांत मला सगळं सांगितलेलं होतं.

हे वाचून तू मला इथून घालवशील. ती भीती कालपासून होती, म्हणूनच काल लिहिलं नाही. आज दुसरी भीती तिच्याहून मोठी झाली आहे, की पाहुण्यांना काही झालं तर तू जन्मभर स्वतःलाच दोष देत राहशील आणि मी बघत बसेन. मावशी आत निघाल्या आहेत. मी दारापाशी उभा आहे.

दादा


१८ मे, दुपारी दोन

बारके,

माझ्याच पत्राच्या पाठीवर तू लिहून पाठवलंस ते मिळालं. "माफ केलेलं नाही. दुपारी दोन ते चार मला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. तेवढा वेळ त्यांच्याजवळ बस. लघवी किती झाली ते लिहून ठेव. चारला मला उठव." मी ते चार वेळा वाचलं. नीट बसेन.

तू पलीकडच्या बाकावर झोपली आहेस. उठल्यावर तुला सगळं विचारावं लागू नये म्हणून इथेच लिहून ठेवतो.

दोन वाजून दहा. ताप शंभर. श्वास सरळ. पिशवीत लघवी थोडी आहे, रंग अजून गडद, काल होता तसा काळपट नाही.

दोन पन्नास. डोळे उघडले. छताकडे बघत होते. मला ओळखलं की नाही कळलं नाही. मीही विचारलं नाही; नाही म्हणाले असते तर मला सोसलं नसतं. तुझं नाव घेतलं. ती झोपली आहे म्हटलं. मान हलवली.

तीन पाच. पाणी मागितलं. डॉक्टरीणबाईंना विचारून चमच्याने दिलं. सात चमचे घेतले. आठव्याला तोंड फिरवलं. तिसरा चमचा माझ्याकडून उशीवर सांडला. उशी ओली आहे ती त्याने.

तीन वीस. डॉक्टरीणबाई बघून गेल्या. त्यांना विचारलं, जगतील ना? म्हणाल्या, आजची लघवी पाहून बरं वाटतंय, पण उद्याची पाहिल्याशिवाय मी शब्द देत नाही. पुढच्या उन्हाळ्यातही जपावं लागेल, एकदा असं झालेलं अंग पुन्हा लवकर पोळतं. त्या गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा होतो. दोन मिनिटं. तेवढ्यात काही झालं नाही.

तीन चाळीस. पिशवी मोजली. दीडशे. मावशींनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "दादा, आता जरा बसा की खाली. उभ्याने काय जास्त मोजलं जातं?"

तीन पंचावन्न. झोपले आहेत. घोरतात. तुला याची सवय असेल, मी दोनदा दचकून उठलो.

चार वाजले. तू गाढ झोपली आहेस. तोंड जरा उघडं आहे, लहानपणी असायचं तसंच, आणि दोन रात्रींची जागलेली आहेस. उठवायला जीव होत नाही. अजून अर्धा तास झोपू द्यावं असं फार वाटतं. पण तुझा वेळ ठरवणारा मी कोण.

उठवतो आहे.